गाडगं धुवू नका

आरमोरी तालुक्यात एकूण किती शौचालयं आहेत, हा आकडा मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. किती वापरात आहेत, किती अर्धवट आहेत आणि कितींमध्ये लोकांनी गोवऱ्या रचून ठेवल्या आहेत, तेही सांगेन. पंचायत समितीच्या स्वच्छता कक्षात मी कनिष्ठ सहाय्यक आहे आणि हे आकडे दर शुक्रवारी जिल्ह्याला पाठवणं हेच माझं काम. अशा माणसाच्या स्वतःच्या बायकोचं पोट पाच-पाच दिवस साफ होऊ नये, याला काय म्हणावं? शेजारचे लहानूभाऊ याला 'दिव्याखाली अंधार' म्हणाले. मी त्यांना उलट काही बोललो नाही, कारण ते वयाने मोठे आहेत.

(हे सगळं मी रोशनीच्या परवानगीने लिहितो आहे. 'माझी फजिती कमी, तुमची जास्त' या अटीवर ती मिळाली. अट पाळताना मला काहीच कष्ट पडले नाहीत.)

रोशनीला सातवा महिना लागला तेव्हा तपासणीत तिचं रक्त आठ पॉइंट आठ निघालं. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "लोहाच्या गोळ्या घेता ना?" रोशनीने माझ्याकडे पाहिलं. मी छाती काढून म्हणालो, "रोज! मी स्वतः हातावर ठेवतो." डॉक्टरबाई म्हणाल्या, मग वाढत कसं नाही? पुढच्या महिन्यात दहाच्या आसपास दिसलं पाहिजे, नाहीतर रक्त चढवावं लागेल आणि बाळंतपण इथे होणार नाही, मोठ्या दवाखान्यात जावं लागेल.

घरी आल्यावर रोशनी सरळ स्वयंपाकघरात गेली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि लाल गोळ्यांचा ढीग काढून माझ्यापुढे ठेवला. अठ्ठेचाळीस गोळ्या होत्या.

"तुमी हातावर ठेवा अन् ऑफिसले जा. मी डब्यात टाको."

"पण का? काऊन?" मी विचारलं. धक्का बसला की मी दोन्ही भाषांत बोलतो.

"एक गोळी खाल्ली का पाच दिवस पोट दगडावानी होते, अजी. आता गोळी सोडली तरी तसंच आहे. बसता येत नाई, झोपता येत नाई. रडाले येते मले तिथी बसून. कोणाले सांगू?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "पोट साफ होऊ द्या, मंग खाईन. त्याच्या पयले एक बी नाई."

रोशनीची 'नाई' मला सहा वर्षांपासून ठाऊक आहे. तिच्यापुढे शासन निर्णय टिकत नाही. म्हणजे हिशोब सरळ होता. पोट साफ झालं तर गोळी, गोळी घेतली तर रक्त, आणि रक्त वाढलं तर बाळ आपल्या गावात, आपल्या ओळखीच्या डॉक्टरबाईंच्या हातून. मी त्याच क्षणी गोळ्यांची एक नवी पट्टी शर्टाच्या खिशात टाकली. बायको हो म्हणेल तेव्हा गोळी हजर पाहिजे. आणि मनाशी ठरवलं की जो माणूस अख्ख्या तालुक्याला बसवू शकतो, तो एका बायकोच्या बाबतीत हरणार नाही.

डॉक्टरबाईंना खरं काय ते फोनवर सांगितलं. आधी त्या मला बोलल्या, मग म्हणाल्या की हे फार जणींना होतं. गोळी जेवणानंतर घ्या, पाणी भरपूर, पालेभाज्या, दही-ताक, रोज थोडं चालणं. "आणि कोणाचंही जुलाबाचं औषध द्यायचं नाही. कोणाचंही." हा 'कोणाचंही' त्यांनी दोनदा म्हटला. त्या आरमोरीत सहा वर्षं आहेत.

सरकारी माणूस कामाला लागला की पहिल्यांदा तक्ता बनवतो. मी ऑफिसातच तो टाइप केला. आमच्या साप्ताहिक अहवालाचा नमुना तयारच होता, त्याचे फक्त रकाने बदलले: दिनांक, पाणी (पेले), चालणे (मिनिटे), पालेभाजी, आणि शेवटी 'निष्पत्ती'. पहिल्या चार दिवसांच्या नोंदी भरून सवयीने दोन प्रती छापायला दिल्या. पाणी अकरा, चालणे तीस, पालेभाजी होय, निष्पत्ती नाही. पाणी बारा, चालणे चाळीस, पालेभाजी होय, निष्पत्ती नाही.

आमचा शिपाई धनराज तो कागद घेऊन भर ऑफिसात आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "साहेब, हे कोणतं गाव आहे? चार दिवसांपासून निष्पत्ती नाई म्हणते."

मी कागद हिसकावून घेतला. दुसरी प्रत कुठे गेली, हा विचार मात्र माझ्या डोक्यात आला नाही. ती दुसरी प्रत शुक्रवारच्या अहवालाला टाचली जाऊन जिल्ह्याला गेली होती. सोमवारी तिकडून पत्र आलं: 'आपल्या अहवालातील पृष्ठ क्र. ७ वरील लाभार्थीची निष्पत्ती सलग चार दिवस निरंक दिसून येते. याबाबत खुलासा सादर करावा.' मी ते पत्र टेबलाच्या खणात सगळ्यात खाली ठेवलं आणि वर ऐंशी गावांच्या फायली रचल्या.

तोवर बातमी गल्लीत पोहोचली होती. धनराजची सासुरवाडी आमच्याच गल्लीत आहे.

पहिले आले लहानूभाऊ. हे गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले आणि निवृत्तीनंतर गुरं कमी मिळतात म्हणून माणसांकडे वळलेले. त्यांनी ओट्यावर बसून केस ऐकली आणि हसले.

"माया तीस वर्साच्या नोकरीत एक बी म्हैस अशी नाई पाहली जे मोकळी झाली नाई."

"भाऊ, ती म्हैस नाही."

"पोट ते पोटच असते बापा. म्हशीचे चार कप्पे, बाईचा एक. उलट सोपी केस आहे." आणि त्यांनी खिशातून वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी काढली. म्हशीला किती, हे त्यांना पाठ होतं. वजनाच्या प्रमाणात बाईला किती, हे त्यांनी ओट्यावर बोटाने गणित करून काढलं.

डॉक्टरबाईंचा 'कोणाचंही' माझ्या कानात होता. पुडी रोशनीला द्यायचा प्रश्नच नव्हता. पण लहानूभाऊ रोज विचारणार, आणि वडीलधाऱ्या माणसाशी खोटं कसं बोलायचं? शिवाय मला वाटलं, यात काही तथ्य असेल तर डॉक्टरबाईंना निदान सांगता तरी येईल. म्हणून ती पुडी मी स्वतः घेतली. माझं वजन रोशनीपेक्षा जास्त, म्हणून थोडी वाढवूनच घेतली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हागणदारीमुक्त गावांच्या फेरतपासणीची बैठक होती. बारा ग्रामसेवक, दोन विस्तार अधिकारी आणि गटविकास अधिकारी साहेब. मी आकडे वाचायला उभा राहिलो. पहिल्या गावानंतर बाहेर गेलो. परत येऊन दुसरं गाव वाचलं आणि पुन्हा गेलो. चौथ्या वेळी मी दरवाजापर्यंत पोहोचलो तेव्हा साहेब म्हणाले, "बारसागडे, तुमी नुसते आकडे द्या. प्रात्यक्षिक नोको." बारा ग्रामसेवक हसले. तीन वर्षांत त्यांनी माझ्या कोणत्याही सादरीकरणाला इतकी मनापासून दाद दिली नव्हती.

मग आल्या इंदुताई. इंदुताई म्हणजे गल्लीतल्या निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि सध्या दारूबंदी महिला समितीच्या अध्यक्षा. आमचा गडचिरोली जिल्हा दारूबंदीचा. वैनगंगेच्या पुलापलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिकडे दुकानात बाटली मिळते. तीच बाटली घेऊन पूल ओलांडला की गुन्हा. त्या पुलावरच्या चेकपोस्टवर इंदुताई आणि त्यांच्या बाया मोहाच्या दिवसांत, म्हणजे मोहफुलांची दारू गाळतात तेव्हा, पोलिसांच्या जोडीला बसतात. मी या समितीचा 'पुरुष सल्लागार' आहे, म्हणजे त्यांचे अर्ज लिहून देतो. तर इंदुताईंनी ऐकल्याबरोबर मलाच झापलं, "हे गोष्ट मले काऊन नाई सांगतली?" आणि कोमट पाणी, भिजवलेले मनुके, जेवल्यावर शतपावली असं सगळं सांगितलं. ते सगळं तक्त्यात होतंच. नवीन रकाना फक्त मनुक्यांचा वाढला.

मनुके झाले. दुकानातलं डब्यातलं दही झालं, त्याने रोशनीला मळमळलं. केळी झाली, पेरू झाले, अंबाडीची भाजी झाली. कोणी म्हणालं उकिडवं बसवा, म्हणून मी सुताराकडून पाय ठेवायला पाट करून आणला. कोणी म्हणालं मन प्रसन्न पाहिजे, म्हणून मी दाराबाहेर उभं राहून विनोद सांगितले. आतून आवाज आला, "तुमी पयले तिथून जा."

नवव्या दिवशी मी फ्रिजवरच्या तक्त्यात 'नाही' लिहीत होतो, तेव्हा रोशनीने माझ्या हातातला पेन घेतला आणि खिडकीतून बाहेर फेकला.

"मले आईच्या घरची आंबील पाह्यजे," ती म्हणाली. "लहानपणापासून पेत होती मी. तवा कधी पोट बंद झालं नाई. लग्न झाल्यावर इथी आली अन् चहा सुरू झाला."

"अगं, मग नऊ दिवस हे सांगितलं का नाहीस?"

"तुमी विचारलं कुठी? गल्लीले विचारलं, ऑफिसले विचारलं, गुराच्या डॉक्टरले विचारलं. मले सोडून साऱ्याइले विचारलं. तुमी तर तक्ते बनवून राह्यले."

मला वाईट वाटलं, आणि ते खरं होतं म्हणून जास्त वाटलं. ऐंशी गावांत मी लोकांना हेच शिकवत फिरतो की लाभार्थीशी आधी बोला.

आंबील म्हणजे तांदळाच्या कण्यांचं पीठ कालच्या आंबट आंबिलीत रात्रभर भिजवायचं, सकाळी शिजवायचं, ताक-मीठ घालून पातळ करून प्यायचं आणि तळाची थोडी उद्यासाठी ठेवायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, स्वच्छ भांड्यात नीट शिजवलेली असेल तर खुशाल द्या, पण गोळीही सुरू झाली पाहिजे. अडचण एकच: कालची आंबील कुठून आणायची? ती होती रोशनीच्या आईकडे, बायनाबाईंकडे, ब्रह्मपुरीच्या पुढच्या एका गावात. रोशनीला एवढा बसप्रवास नको होता. बायनाबाईंचे गुडघे त्यांना ओट्यावरून उतरू देत नव्हते. राहिलो मी.

रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'सासुरवाडीहून आंबील आणणे.' साहेबांनी अर्ज परत पाठवला, शेरा मारला, 'कारण नियमात बसत नाही.' मी कारण बदललं: 'लाभार्थीच्या निष्पत्तीसंदर्भात क्षेत्रभेट.' सही झाली.

मंगळवारी बायनाबाईंनी मला चुलीजवळचं मातीचं गाडगं दाखवलं. अर्ध्याच्या वर भरलेलं होतं, त्या दिवसाची ताजी आंबील. "गाडगं दोन सालानं नवं येते, जवाई. आंबील तेच. माया सासूनं मले देल्ली, तिले तिच्या सासूनं. या घरात ते एक दिवस बी बंद नाई." पुढे त्यांनी बोट उगारलं. "बुडाले जे चिपकून राह्यते ना, तेच सारं काम करते. सारी पेऊन टाका, सांडली तरी चालते. पण गाडगं धुवू नोका."

तीन वर्षं गावोगाव 'भांडी धुवा, हात धुवा' सांगत फिरणाऱ्या माणसाने मान डोलावली. बायनाबाईंनी गाडग्याच्या तोंडावर पळसाची पानं घातली, वर फडकं बांधलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. सुधारणा मी केली. बसमध्ये हिंदकळू नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी ओढली आणि दोरीने तीन वेढे देऊन आवळली.

एप्रिलचं ऊन. बसचा पत्रा तापलेला. ब्रह्मपुरी सोडलं तेव्हा पिशवी जराशी फुगली होती. नदीजवळ आलो तेव्हा ती माझ्या डोक्याएवढी झाली होती आणि शेजारचा म्हातारा माझ्याकडे आदराने पाहत होता.

"पहिल्या धारेची आहे का?" त्याने हळूच विचारलं.

"आंबील आहे," मी म्हणालो.

"असंच सांगजा," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहायला लागला.

पूल ओलांडला, बस थांबली, तपासणीला पोलीस शिपाई आत चढला आणि माझ्या आसनाशी आला. त्याच वेळी दोरी सुटली. 'फट्' असा आवाज झाला आणि आंबट वास पहिल्या आसनापासून शेवटच्या आसनापर्यंत गेला. सगळी बस माझ्यापासून दूर सरकली. मोहाच्या दिवसांत आमच्याकडे आंबट वास म्हणजे एकच गोष्ट.

"खाली उतरा," शिपाई म्हणाला. त्याच्या छातीवर नाव होतं पोचू आत्राम.

मी गाडगं कवटाळून उतरलो. मंडपाखाली खुर्चीवर इंदुताई आणि त्यांच्या सहा बाया बसल्या होत्या. मागे मोठा फलक होता: 'दारू बाळगणाऱ्याची, मग तो कितीही प्रतिष्ठित असो, गय केली जाणार नाही.' मसुदा माझाच होता. 'कितीही प्रतिष्ठित' हे शब्द मी आग्रहाने घालायला लावले होते.

"राजदीप?" इंदुताई उभ्या राहिल्या. "बायको पोटुशी, अन् तू हे धंदे करून राह्यला?"

"ताई, आंबील आहे हो!"

"सारे असंच म्हणतात," पोचूभाऊ म्हणाले. "काल एकानं मोहाले खोकल्याचा काढा म्हटलं."

"मग चाखून बघा."

पोचूभाऊ विचारात पडले. "ड्युटीवर आहो मी. दारू असली तर ड्युटीवर पेल्याचा गुन्हा. नसली तर कशाले पेऊ?"

बायांनी तर आयुष्यात थेंब शिवणार नाही अशी शपथ घेतलेली. ती शपथही मीच लिहून दिली होती. मी म्हणालो, मग मी पितो. तर इंदुताई म्हणाल्या, पिणाऱ्याच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवला तर समिती कशाला पाहिजे? कंडक्टरने घड्याळ पाहिलं, घंटी मारली आणि बस माझ्याविना आरमोरीला गेली.

पंचनाम्याचा कागद आला. 'एक मातीचे गाडगे, त्यात पांढरट, आंबट वासाचा द्रव.' व्यवसायाच्या रकान्यात मी 'शासकीय सेवा' सांगितलं तेव्हा सहाही बायांनी 'अरे देवा' म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढे उद्याचं वर्तमानपत्र आलं, साहेब आले, तक्ता आला. पण सगळ्यात पुढे रोशनीच आली, डब्यात कोपरापर्यंत हात घातलेली. मी ठरवलं, नोकरी गेली तर गेली, गाडगं सोडायचं नाही.

शेवटी इंदुताईंनी करंगळी बुडवली, डोळे मिटून जिभेला लावली आणि दचकल्या.

"आंबील आहे हो!"

"मी दुसरं काय सांगत होतो?"

"तसं नाई रे. चांगली आंबील आहे! पोचूभाऊ, पाहा बरं."

पोचूभाऊंनी पेल्यात ओतून घोट घेतला आणि टोपी काढली. ते भामरागडकडचे. "हा तर जावा आहे," ते हळूच म्हणाले. "आमच्या इकडं जावा म्हणतात. दिवाळीपासून गावाले गेलो नाई मी." त्यांनी दुसरा पेला घेतला. मग एका बाईने घेतला, मग दुसरीने. ऊन असं होतं, आंबील अशी होती आणि तीन तास बसून सगळ्यांचे घसे सुकलेले. कोणी कांदा काढला, कोणी मीठ. मी 'अहो, थोडी ठेवा' म्हणत होतो, पण निर्दोष सुटलेल्या माणसाचं कोण ऐकतो? दहा मिनिटांत मुद्देमाल संपला.

मला त्याचं विशेष वाटलं नाही. बुडाला जे चिकटलेलं असतं तेच काम करतं, हे मला ठाऊक होतं. मी पंचनामा फाडायला लावत होतो, तेवढ्यात पाहिलं की इंदुताई रिकामं गाडगं घेऊन टाकीच्या नळाकडे निघाल्या आहेत. दुसऱ्याच्या घरचं भांडं खरकटं परत करायचं नाही, ही त्यांची पिढीजात रीत. एका हातात गाडगं, दुसऱ्या हातात नारळाची काथी.

"धुवू नका!"

मी इतक्या जोराने ओरडलो की पुलावरचे बगळे उडाले. धावत गेलो, इंदुताईंच्या हातातून गाडगं ओढलं, तोल गेला आणि गाडगं पोटाशी धरून नळाखालच्या चिखलात बसलो. पोचूभाऊंनी टोपी परत घातली.

"बुडाले काय आहे?" त्यांचा आवाज पुन्हा पोलिसाचा झाला होता. "काय लपवून राह्यले?"

"साहेब," मी चिखलातून म्हणालो, "यात माझ्या सासूची सासू आहे!"

एका बाईने पदर तोंडाला लावला. मग मला सगळं सांगावं लागलं. बायनाबाईंनी सांगितलेलं, बुडाचं, आणि मग नाइलाजाने बाकीचंही: रोशनी, डबा, अठ्ठेचाळीस गोळ्या, आठ पॉइंट आठ. आपल्या बायकोचं पोट साफ होत नाही, हे मी भर हमरस्त्यावर, पोलिसांसमोर, चिखलात बसून सांगितलं. वाटलं, आता सात सल्ले येणार.

एकही आला नाही. सगळ्यात म्हातारी सोमारीबाई माझ्याजवळ येऊन बसली. "मले बी झालं होतं, माया मोठ्याच्या वक्ताले. कोणाले सांगतलं नाई. लाज वाटे." दुसरी म्हणाली, तिने गोळ्या विहिरीत टाकल्या होत्या. तिसरीने कोंबड्यांना घातल्या होत्या. इंदुताई, ज्यांनी बत्तीस वर्षं गावोगावच्या पोटुश्या बायांना त्याच गोळ्या वाटल्या, त्या काथी हातात धरून उभ्याच राहिल्या. "मी गोळ्या मोजून देत होती," त्या म्हणाल्या. "पोटाचं कधी कोणाले विचारलं नाई." मला त्यांची फार दया आली, कारण रोशनीपुढे मीही नुकताच त्याच जागी उभा होतो.

लेकीच्या घरी गाडगं रिकामं जाऊ नये म्हणून बायांनी माझ्या पिशवीत लिंबं आणि शेवग्याच्या पाल्याच्या दोन जुड्या टाकल्या. बस गेलेली, म्हणून पोचूभाऊंनी मला जीपमध्ये बसवलं. अशा रीतीने तालुक्याच्या स्वच्छता कक्षाचा कनिष्ठ सहाय्यक, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, मांडीवर गाडगं घेऊन पोलिसांच्या जीपमधून भर दुपारी चार वाजता आपल्या गल्लीत उतरला. लहानूभाऊ ओट्यावरच होते. "सापडला का?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

रोशनीने गाडग्यात नाक घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. वर पाहिलं तेव्हा डोळे ओले होते. तिने बुडाचं जे होतं त्यात पाणी घातलं, कण्यांचं पीठ कालवलं, झाकण ठेवलं. बुधवारी सकाळी शिजवून दोन पेले प्यायली. गुरुवारी तीन. सोबत शेवग्याची भाजी, लिंबू आणि पाणी होतंच. तक्ता मी फ्रिजवरून काढून टाकला होता. तिला फक्त विचारत होतो, "कसं वाटतं?" आणि ती सांगत होती.

शुक्रवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी रोशनी उठली आणि परसातल्या शौचालयाकडे गेली. मी अंगणात उभा राहिलो. दोनच मिनिटांत लहानूभाऊ दात घासत आले. इंदुताई 'लिंबं संपली का' विचारायला आल्या. धनराज अहवाल न्यायला आला, खरं म्हणजे तो कधीच दहाच्या आत येत नाही. सगळे नजर चुकवत अंगणातल्या पपईच्या झाडाकडे पाहत होते.

कडी वाजली. रोशनी बाहेर आली. साबण घेतला, आमच्या भित्तिपत्रकात सांगितलं आहे तितका वेळ हात धुतले, पदराला पुसले. मग सगळ्यांच्या देखत सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तळहात पुढे केला.

"गोळी द्या."

इतक्या दिवसांच्या घामाने खिशातल्या पट्टीचे कोपरे दुमडले होते आणि माझ्याकडून गोळी काही निघेना. रोशनीनेच पट्टी घेतली आणि गोळी काढली. "पयले काही खाऊन घेतो, मंग खाईन. डॉक्टरबाईनं सांगतलं ना," ती म्हणाली आणि लहानूभाऊंकडे वळली. "अन् भाऊ, आता तुमी घरी जा."

पुढच्या तपासणीत तिचं रक्त नऊ पॉइंट नऊ निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, चढतं आहे, बाळंतपण इथेच करू. गोळी बंद नको. रोशनी म्हणाली, बंद नाई होणार.

पण ते नंतरचं. त्या शुक्रवारी मी ऑफिसात गेलो, ऐंशी गावांच्या फायली बाजूला केल्या आणि खणाच्या तळातून जिल्ह्याचं ते पत्र काढलं. त्याखाली माझ्या सुवाच्य अक्षरात खुलासा लिहिला: 'पृष्ठ क्र. ७ वरील लाभार्थीबाबत सादर करण्यात येते की, आज सकाळी सात वाजता निष्पत्ती : होय. गोळी : घेतली.' सही केली, शिक्का मारला आणि धनराजच्या हातात दिला.